नवा टीव्ही, जुना रिसीव्हर : जोडणी कशी करावी?

नवा ४के टीव्ही घरी आला की जुना ऑडिओ रिसीव्हर निकामी ठरला, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः त्याचे ध्वनिवर्धन पूर्वीइतकेच उत्तम असते. अडचण असते ती केवळ जोडणीची.

एचडीएमआय हे मानक डिसेंबर २००२ मध्ये आले. त्याआधीच्या रिसीव्हरमध्ये ही जोडणीच नाही. नंतरच्या अनेक रिसीव्हरमध्ये ती आहे. परंतु एचडीसीपी २.२ ही संरक्षण प्रणाली नसल्याने संरक्षित ४के चित्र त्यांतून पुढे जात नाही. दोन्ही प्रसंगी उपाय एकच : चित्र आणि ध्वनी यांचे मार्ग वेगळे करावेत. प्लेअर एचडीएमआय केबलने थेट टीव्हीला जोडावा आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून ध्वनी रिसीव्हरकडे न्यावा.

टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डॉल्बी डिजिटल निवडल्यास ५.१ ध्वनी मिळू शकतो. रिसीव्हरला तो उलगडता येत नसेल, तर पीसीएम निवडावे. मात्र मग ध्वनी दोनच चॅनेलचा राहतो. काही टीव्ही बाहेरून आलेला ध्वनी दोन चॅनेलपुरताच पुढे देतात. अशा वेळी प्लेअरचे ऑप्टिकल आउटपुट थेट रिसीव्हरला जोडावे. रिसीव्हरवर केवळ लाल-पांढऱ्या पिना असतील, तर डिजिटल-ॲनालॉग कन्व्हर्टर लागतो आणि सेटिंग पीसीएमवरच ठेवावे लागते.

डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे प्रकार ऑप्टिकल केबलमधून जात नाहीत. ही उणीव मान्य असेल, तर जुना रिसीव्हर टाकून देण्याचे कारण नाही.