शिष्यवृत्तीच्या पलीकडचे बडोदे

नाशिककडील कवळाणे या खेड्यात १८६३ मध्ये जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तकविधानाने बडोद्याच्या गादीवर आला. या तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांना ‘विद्याप्रेमी राजा’ म्हणण्याची प्रथा आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. राजघराणे मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. अशा संस्थानात माणसे निवडताना त्यांनी प्रांत पाहिला नाही. इंग्लंडात शिकलेले विशीतले अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. ग्रंथालयांच्या उभारणीसाठी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन आले. अस्पृश्यांच्या शाळांना मात्र सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. तेथे मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि पुढे पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम अमृतसरी यांना पाचारण करण्यात आले. राजाज्ञेची मर्यादा या तपशिलात आधीच दिसते.

१९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. कोलंबिया विद्यापीठाने खुल्या केलेल्या जगातून ते १९१७ मध्ये या अटीसाठी बडोद्यास आले, तेव्हा शहरात त्यांना खोली मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राने घरात घेण्यास असमर्थता दाखविली. सरकारी बंगल्यासाठी केलेली विनंतीही फळास आली नाही. कामाठी बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

या प्रसंगाचा दोष केवळ समाजावर टाकून मोकळे होता येत नाही. परदेशी पाठविणे हा खजिन्याचा प्रश्न होता, आणि सयाजीराव त्यात उदार होते. परंतु दहा वर्षांच्या चाकरीची अट घालणाऱ्या दरबाराने त्या चाकरीच्या गावी निवाऱ्याचा विचार केलेला नव्हता. गौरवग्रंथांना शिष्यवृत्तीचा आकडा सांगणे सोयीचे जाते. ते अकरा दिवस अडचणीचे ठरतात. तरीही ती शिष्यवृत्ती व्यर्थ गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

१९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःच्या बचतीवर, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने आणि नवल भथेना या, अमेरिकेतील विद्यार्थिदशेत जोडलेल्या, पारशी मित्राकडून घेतलेल्या कर्जावर.