पारावरचा व्हिएतनाम

युसूफ वडगावच्या पारावर व्हिएतनामची गोष्ट निघाली की म्हाताऱ्यांचे आवाज चढायचे. एवढ्याशा मुलखाने अमेरिकेला पाणी पाजलं ते कशाच्या जोरावर? "आरं, आपल्या म्हाराजांचा गनिमी कावा वाचून!" आजोबा सांगत. तिकडची एक मंत्रीणबाई भारतात आली, रायगड बघायचा म्हणून हटून बसली आणि तिथली माती घेऊन गेली, हा गोष्टीचा कळस. ही गोष्ट आमच्या केज तालुक्यापुरती नाही, महाराष्ट्रभर फिरते.

1972 च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून रात्री लाल मिलो ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसांना या गोष्टीने बळ दिलं असेल, म्हणून मला तिचा राग येत नाही. पण त्या देशातली खरी माणसं तिच्यामागे दडून गेली, याचं वाईट वाटतं. मंत्रीणबाई म्हणजे न्गुयेन थी बिन्ह. फ्रेंचांच्या तुरुंगात त्यांनी तीन वर्षं काढली होती. 27 जानेवारी 1973 ला पॅरिसच्या शांतता करारावर सह्या झाल्या, तेव्हा सही करणाऱ्यांत बाई त्या एकट्याच.

आणि सेनापती व्हो न्गुयेन ज्याप. हा माणूस हनोईच्या शाळेत इतिहास शिकवायचा. त्याची बायको फ्रेंचांच्या कैदेत मेली, मेहुणीला गोळ्या घातल्या गेल्या. 22 डिसेंबर 1944 ला त्याने जी पहिली तुकडी उभी केली, तिच्यात माणसं होती 34. त्याहून मागे जायचं तर तेराव्या शतकात मंगोलांना परतवणारा त्रान हुंग दाव, 1789 मध्ये ऐन नववर्षाच्या सणात चिनी फौजेवर तुटून पडलेला क्वांग त्रुंग, असे पूर्वज व्हिएतनामींच्या घरातच होते.

शिवाय ज्यापने फ्रेंचांविरुद्ध जिंकलेली दिएन बिएन फूची लढाई हा गनिमी कावा नव्हताच. तो वेढा होता. डोंगरांनी घेरलेल्या खोऱ्यात फ्रेंचांनी ठाणं मांडलं, कारण त्या डोंगरांवर तोफा चढणार नाहीत अशी त्यांची खात्री होती. व्हिएतनामींनी त्या तोफा दोरखंडांनी, हातांनी ओढून चढवल्या. सायकलींवर दोन-दोनशे किलो तांदूळ आणि दारूगोळा लादून हमाल रानातून चालत राहिले. जानेवारी 1954 मध्ये हल्ल्याची वेळ ठरलेली असताना ज्यापने तो थांबवला आणि चढवलेल्या तोफा मागे घ्यायला लावल्या. आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय हाच, असं तो पुढे सांगत असे. 13 मार्चला तोफा सुरू झाल्या, 7 मे रोजी ठाणं पडलं. मला त्या विजयापेक्षा तोफा मागे घेणं मोठं वाटतं.

मास्तराने लढा उभा करावा, हे आमच्याकडेही घडलं होतं. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी झाले. ते तुरुंगात असताना दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ यांच्या कृती समितीने मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या मुलखाच्या, सरहद्दीवर कॅम्प चालवले. तिथून पोरं रात्री आत शिरत, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळत, उजाडायच्या आत परत जात. समोर होते निजामाच्या बाजूने लढणारे कासीम रझवीचे रझाकार. रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे शत्रूही लांबचा नव्हता.

आजोबा हे सांगायचे, पण व्हिएतनामच्या गोष्टीतला जोर इथे नसायचा. 13 सप्टेंबर 1948 ला भारताची फौज आत आली, 17 ला निजाम शरण गेला, "मग पोलीस ॲक्शन झाली, सुटलो," एवढ्यावर ते उठायचे. पुढचं आजीने सांगितलं. रझाकारीत ती लेकरं घेऊन बार्शीकडे पळाली होती. ॲक्शननंतर परत आली तेव्हा भीतीची पाळी शेजारच्या मुसलमान घराची होती. "त्यांच्या बाया आपल्या माळवदाखाली राहिल्या. मी दोन्ही टायमाला भाकरी थापल्या," ती म्हणायची. त्या आठवड्यांत मराठवाड्यात निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने तो नोंदवला. उस्मानाबाद आणि नांदेड तिच्या मते सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

ज्यापने आपली लढाई स्वतः लिहिली, बिन्हबाईंनीही आठवणी लिहिल्या. आमच्या कॅम्पवाल्यांपैकी थोड्यांनी लिहिलं, भाकरी पोचवणाऱ्या बायांनी तर नाहीच. ज्यांच्या घरात नव्वदीचं माणूस अजून बोलतं आहे, त्यांनी याच उन्हाळ्यात त्याच्याजवळ बसावं. रझाकारीचं विचारावं, आणि ॲक्शननंतर गावात काय झालं तेही विचारावं.