मागच्या चाकांवरील भार
ओढगाडी जोडली कीं तिच्या दांड्याचा भार मोटारीच्या पाठीवर येतो. मागचा भाग दबतो, पुढचीं चाकें हलकीं होतात, दिव्यांचा झोत झाडांच्या शेंड्यांकडे वळतो. जाड कमानपाटे बसविणें हा जुना उपाय. पण ओझें उतरतांच तीच गाडी उतारूंचीं हाडें खिळखिळीं करी. धक्काशामक केवळ हेलकावे आवरतो, भार पेलीत नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यांत पॉल माझेस यांनीं पोलादाऐवजीं नायट्रोजन व तेल यांवर गाडी तोलली. भार वाढतांच वायु दबून ताठ होई, आणि एक झडप आणखी तेल सोडून उंची पूर्ववत् करी. १९५४ सालीं ही रचना ‘१५-सिक्स एच’ मोटारीच्या केवळ मागच्या चाकांना मिळाली. १९५५ सालच्या ‘डीएस’मध्यें ती चारही चाकांना लाभली.