परीकथेचे थट्टेखोर भक्त

१८५३ सालच्या १ ऑक्टोबर रोजीं चार्ल्स डिकन्स यानें आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्‌स' या साप्ताहिकांत एक संतप्त निबंध प्रसिद्ध केला. संताप होता तो आपल्याच एका जुन्या स्नेह्यावर. जॉर्ज क्रूकशँक हा त्या काळचा नाणावलेला चित्रकार. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील चित्रें त्याच्याच हातचीं. आणि १८२३ सालीं ग्रिम बंधूंनीं जमविलेल्या जर्मन कथा इंग्रजी पुस्तकरूपानें लोकांपुढें आल्या, त्याहि याच्याच चित्रांनीं नटून. उत्तरवयांत मात्र या गृहस्थाला मद्यपाननिषेधाचा ध्यास लागला, आणि त्या भरांत त्यानें जुन्या परीकथा 'सुधारून' छापण्यास आरंभ केला. अंगठ्याएवढ्या मुलाच्या सुप्रसिद्ध कथेंतील गरीब बाप दारूपायीं कंगाल झालेला ठरला! डिकन्सला हें सहन झालें नाहीं. ज्या युगांत प्रत्येक वस्तूचा उपयोग विचारला जातो, त्या युगांत तरी परीकथा जशाच्या तशा राहूं द्याव्या, असें त्याचें म्हणणें. हें पटविण्यासाठीं त्यानें सिंड्रेलाची कथा त्या वेळच्या साऱ्या सुधारणांचीं ठिगळें लावून पुन्हा लिहून दाखविली. म्हणजे परीकथेच्या रक्षणार्थ त्यानें शस्त्र उचललें तें परीकथेच्या विडंबनाचें. क्रूकशँकवर याचा परिणाम शून्य. पुढच्याच वर्षीं त्यानें स्वतःची सिंड्रेला काढली, आणि तिच्या लग्नांतील मद्याचा बेत तिच्या कैवारी परीच्या व्याख्यानामुळें रद्द झाला.

थट्टा करणारा तो शत्रू आणि गंभीर चेहऱ्यानें जवळ येणारा तो मित्र, अशी सामान्य समजूत असते. परीकथांच्या बाबतींत इतिहासाची साक्ष बरीच निराळी आहे.

हें विडंबन परीकथेइतकेंच जुनें म्हटलें तरी चालेल. फ्रान्समध्यें १६९७ सालीं शार्ल पेरोच्या कथा आणि मादाम द'ओनुआ या विदुषीच्या परीकथा एकाच वर्षीं छापल्या गेल्या. १७०४ पासून १७१७ पर्यंत आंत्वान गालाँ यानें 'एक हजार एक रात्रीं'चे बारा भाग फ्रेंचमध्यें उतरविले. मराठी वाचकांना ज्यांची गोडी कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरानें लागली, त्याच या अरबी भाषेंतील सुरस गोष्टी. पॅरिसच्या दिवाणखान्यांतून दुसरें बोलणें निघेना. तेव्हां आयरिश वंशाचा एक वृद्ध दरबारी, आंत्वान हॅमिल्टन, यानें या अद्भुताची नक्कल करणाऱ्या कथा रचल्या. त्यांपैकीं एक तर शहरजादीची बहीण दिनारजादी हिच्याच तोंडीं घातली. या कथा तो वारल्यानंतर १७३० सालीं छापून निघाल्या. त्यांत थट्टा आहे खरी. पण परीकथांची पारायणें केल्यावांचून ती करतां येत नाहीं, हेंहि पानोपानीं दिसतें. पुढें क्रेबियाँ या तरुण लेखकानें १७३४ सालीं या सोंगाचा उपयोग दरबार आणि धर्माधिकारी यांच्या टवाळीसाठीं केला, आणि व्हॅन्सेनच्या किल्ल्यांत कैद भोगली. परी निमित्ताला होती. नेम दुसरीकडे होता.

इंग्लंडांत हा प्रकार प्रथम रंगभूमीवर फोफावला. नाताळच्या सुमारास तेथें 'पँटोमाइम' नांवाचीं नाटकें होत. त्यांत परीची कांडी फिरतांच भोपळ्याचा रथ होई आणि राजेरजवाडे कोलांट्या मारीत. प्लांशे नांवाच्या नाटककारानें मादाम द'ओनुआच्या कथांचीं विनोदी रूपांतरें करून प्रेक्षकांना वर्षानुवर्षें हंसविलें. आणि त्याच प्लांशेनें १८५५ सालीं त्या कथांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें.

या सर्व धाग्यांची गांठ पडली ती विल्यम मेकपीस थॅकरे याच्या 'द रोझ अँड द रिंग' या पुस्तकांत. १८११ सालीं कलकत्त्यास जन्मलेला हा कादंबरीकार १८५३ चा हिंवाळा आपल्या दोन मुलींसह रोम शहरीं काढीत होता. नाताळानंतरच्या बाराव्या रात्रीं इंग्रज मुलें राजा, राणी, प्रियकर, छैलछबीला अशा सोंगांचीं चित्रें घेऊन खेळत. रोमच्या दुकानांत तीं चित्रें मिळेनात. तेव्हां थॅकरेनें तीं स्वतःच काढलीं, आणि चित्रांवरून कथा सुचत गेली. हा इतिहास त्यानें प्रस्तावनेंत खेळकरपणें सांगितला आहे. एक गोष्ट मात्र तींत आलेली नाहीं. विल्यम वेटमोर स्टोरी हा अमेरिकन शिल्पकार तेव्हां रोममध्येंच राहात होता. त्याचा लहान मुलगा त्या नोव्हेंबरांत तापानें वारला, आणि मुलगी ईडिथ हीहि आजारी पडली. थॅकरे तिच्या बिछान्यापाशीं बसून या कथेचीं प्रकरणें वाचून दाखवीत असे.

हें ध्यानांत ठेवून ती कथा वाचली म्हणजे तिच्यांतील थट्टेचा रंग पालटतो. पॅफ्लागोनिया आणि क्रिम तार्तारी अशीं दोन राज्यें आहेत. ब्लॅकस्टिक नांवाच्या परीनें पूर्वीं एक गुलाब आणि एक अंगठी भेट म्हणून दिली होती. ज्याच्यापाशीं ती असेल तो सर्वांना मोहक दिसावा, हा त्यांचा गुण. परिणाम काय झाला? ज्या स्त्रियांना त्या वस्तू मिळाल्या त्या गर्विष्ठ झाल्या आणि त्यांचे नवरे खुळावले. परी शहाणी असल्यामुळें अनुभवानें सुधारली. राजपुत्र गिग्लिओ आणि राजकन्या रोझाल्बा यांच्या नामकरणास ती आली तेव्हां रूप, संपत्ति, आयुष्य यांपैकीं कांहींच तिनें दिलें नाहीं. या बाळांच्या वांट्याला थोडेसें दुर्दैव यावें, एवढाच तिचा आशीर्वाद!

पेरोच्या निद्रित राजकन्येच्या गोष्टींत आमंत्रण न मिळालेली परी शाप देते, हें प्रत्येक इंग्रज मुलाला पाठ होतें. थॅकरेनें त्याच प्रसंगांत शापाचें वरदान करून टाकलें. आणि हें ऐकणारी श्रोती कोण, तर नुकताच भाऊ गमावलेली एक मुलगी. तिच्यासमोर दुःखाचें तत्त्वज्ञान सांगणें निर्दयपणाचें झालें असतें; हंसत हंसत तें सांगतां आलें.

पुढें राज्य हिरावलेला गिग्लिओ नांव बदलून विद्यापीठांत अभ्यास करतो. रोझाल्बा बेट्‌सिंडा नांवाची दासी होऊन राजकन्या अँजेलिकाचे धडे तिच्या शेजारीं बसून तिच्यापेक्षां चांगले शिकते. याच राजवाड्यांतला उद्धट द्वारपाळ ब्लॅकस्टिकच्या तोंडावर दार लावूं पाहतो, तेव्हां ती त्याला दारावरची पितळी कडी करून टाकते. कित्येक वर्षें लोक त्याला धरून दार ठोठावतात. कथेच्या शेवटीं त्याची थेरडी बायको गिग्लिओच्या हातचा जुना कागद दाखवून लग्नाचा हट्ट धरते, तेव्हां नेमकी ती कडी पुन्हा माणूस होते आणि नवरा हजर होतो! पानांच्या शिरोभागीं यमकबद्ध ओळी आहेत, चित्रें थॅकरेचींच आहेत, आणि पुस्तक १८५४ च्या नाताळांत टिटमार्श या टोपणनांवानें निघालें. क्रूकशँकच्या सिंड्रेलेपेक्षां या पुस्तकांत नीतिबोध कमी आहे असें मुळींच नाहीं. पण तो कथेच्या यंत्रांतूनच निघतो. बाहेरून येऊन व्यासपीठावर उभा राहात नाहीं.

दहा वर्षांनीं, १८६४ सालीं, जॉर्ज मॅक्डोनल्डनें 'द लाइट प्रिन्सेस' लिहिली. तिची कोटी मराठींत जवळजवळ आयती उतरते. रागावलेल्या आत्याच्या शापानें राजकन्येचें गुरुत्व नाहींसें होतें: शरीराला वजन नाहीं म्हणून ती छताला लागते, आणि मनाला वजन नाहीं म्हणून कशालाहि हंसते. तिला बचावण्यासाठीं जिवावर उदार झालेला राजपुत्र पाण्यांत बुडूं लागतो, तेव्हां तिला पहिल्यांदा रडूं येतें, आणि रडतांच तिचे पाय जमिनीला टेकतात.

परंतु या परंपरेंतील सर्वांत मौजेचें वर्ष १८८९ हें होय. स्कॉटिश विद्वान अँड्र्यू लँग यानें त्या वर्षीं 'द ब्लू फेअरी बुक' हा जुन्या परीकथांचा संग्रह काढला. १९१० पर्यंत अशीं बारा रंगांचीं बारा पुस्तकें निघालीं, आणि त्यांच्या भाषांतरांचा बराच भार पत्नी लिओनोरा हिनें वाहिला. त्याच वर्षीं लँगनें 'प्रिन्स प्रिजिओ' हें परीकथेचें खुमासदार विडंबनहि लिहिलें. एका हातानें देव पुजावा आणि दुसऱ्यानें त्याला गुदगुल्या कराव्या, असा हा प्रकार. प्रिजिओची आई परींवर विश्वास न ठेवणारी. म्हणून जादूची टोपी, सात योजनांचे बूट वगैरे देणग्या अडगळींत पडतात. शेवटच्या परीनें दिलेली देणगी मात्र लागू पडते: हा मुलगा फार हुशार होवो! बिचाऱ्याशीं कोणी बोलेनासें होतें. अखेरीस इंग्रज वकिलाच्या मुलीवर प्रेम जडतें त्या क्षणीं त्याला परी, बूट, टोपी, सारें एकदम खरें वाटूं लागतें. अग्नीच्या आणि बर्फाच्या दोन राक्षसी प्राण्यांना एकमेकांवर सोडून तो दोघांनाहि संपवितो. पुढें बायको सुचविते कीं इतकें हुशार नसण्याचा वर माग. तो थोडा विचार करतो, आणि आपण इतरांपेक्षां हुशार दिसूं नये, एवढेंच मागतो.

विसाव्या शतकांत हें पीक भरघोस आलें, आणि त्यांत कोंडाहि पुष्कळ होता. गोल्डमनची 'द प्रिन्सेस ब्राइड' ही १९७३ ची कादंबरी चांगली; चित्रपटानें ती अधिक लोकांपर्यंत नेली. पण थॅकरेच्या परीला खरी जोड मिळाली ती टेरी प्रॅचेटच्या 'विचेस अब्रॉड' या १९९१ सालच्या कादंबरींत. तेथें लिलिथ नांवाची कैवारी परी एका नगरावर राज्य करते. प्रत्येक माणसानें परीकथेंतल्याप्रमाणेंच वागलें पाहिजे, हा तिचा कायदा. खेळणीं करणारा कारागीर शीळ घालीत नाहीं आणि मुलांना गोष्टी सांगत नाहीं, म्हणून त्याला शिक्षा होते. एका मुलीला ती राजपुत्राशीं लग्न करून सुखी करूं पाहते. मुलगी नको म्हणते. तेव्हां तीन चेटकिणी दूरच्या डोंगरांतून निघतात, त्या हें सुखाचें लग्न मोडण्यासाठीं. आणि राजपुत्र मुळांत बेडूक आहे, हें त्या नगरांत गेल्यावर उघडकीस येतें.