दहशतवादी तरुणांची सुटका : १९३७ ते १९३९

१४ डिसेंबर १९३१ रोजी पूर्व बंगालमधील कोमिल्ला येथे दोन शाळकरी मुली जिल्हा मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्स यांच्या बंगल्यावर गेल्या. पोहण्याच्या स्पर्धेसंबंधी अर्ज द्यावयाचा आहे, असे त्यांनी सांगितले. साहेब बाहेर आले, अर्ज पुढे झाला आणि पाठोपाठ पिस्तुले निघाली. स्टीव्हन्स ठार झाले. शांती घोष पंधरा वर्षांची होती, सुनीती चौधरी चौदा वर्षांची.

वयामुळे फाशी टळली. फेब्रुवारी १९३२ मध्ये दोघींना जन्मठेप झाली. परंतु कायद्याने न सांगितलेली शिक्षाही होती. सुनीतीच्या वडिलांचे पेन्शन बंद झाले, दोन भाऊ विनाचौकशी डांबले गेले आणि धाकटा भाऊ उपासमारीने गेला. पोरीच्या गुन्ह्यासाठी घर उपाशी ठेवणाऱ्या सरकारने पुढे दयेची भाषा बोलावी आणि ती त्या घराला खरी वाटावी, ही अपेक्षा आम्हांस तरी विलक्षण वाटते.

सुधारणेचा विचार सरकारने मुळीच केला नाही असे मात्र नव्हे. बंगालचे गव्हर्नर सर जॉन अँडरसन यांच्यावर ८ मे १९३४ रोजी दार्जिलिंगजवळ लेबाँगच्या शर्यतीच्या मैदानात गोळ्या झाडल्या गेल्या. ते बचावले, भवानी भट्टाचार्य या तरुणाला १९३५ साली फाशी झाली. याच अँडरसनसाहेबांच्या कारकीर्दीत तरुण स्थानबद्धांसाठी शेतीची आणि छत्र्या, चाकू-कात्र्या, भांडी करण्याची शिक्षणकेंद्रे निघाली. हाताला धंदा मिळाला की डोक्यातील बंड निघून जाईल, असा हिशेब होता. आता गंमत पाहा. ही सोय होती ती खटला न चालवता अडकवलेल्यांसाठी! ज्यांचा गुन्हा न्यायालयात शाबीत झाला होता, ते अंदमानात किंवा बंगालच्या तुरुंगांत होते.

आणि खरे मतपरिवर्तन घडले ते अंदमानातच. १९३३ साली तेथील राजबंद्यांनी माणसासारखी वागणूक मिळावी म्हणून उपोषण केले. सरकारने बळजबरीने नळीवाटे दूध घालण्यास प्रारंभ केला. महावीरसिंग, मोहित मैत्र आणि मोहनकिशोर नामदास हे तिघे त्या उपोषणात मरण पावले. त्यानंतर कोठड्यांत दिवे आले, पुस्तके आली, वर्तमानपत्रे आली. ज्या सेल्युलर जेलचे नाव सावरकरांमुळे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, तेथेच हे तरुण वर्ग भरवू लागले. इतिहास आणि अर्थशास्त्र वाचू लागले, एकमेकांशी कडाकडा भांडू लागले. एकेका साहेबाला मारून राज्य जात नाही, शेतकरी आणि कामगार उठला पाहिजे, या निष्कर्षावर पुष्कळजण आले. १९३५ साली त्यांनी तुरुंगातच आपला कम्युनिस्ट गट उभारला. हे परिवर्तन सरकारला हवे तसे नव्हते, हे उघड आहे. पण पिस्तुलावरची श्रद्धा ढळली ती छत्रीच्या कारखान्यात नव्हे, तीन मृत्यूंनी मिळवलेल्या ग्रंथालयात.

१९३७ साली प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली आणि सुटकेचा प्रश्न ऐरणीवर आला. जुलै-ऑगस्टमध्ये अंदमानात पुन्हा उपोषण झाले. गांधीजींनी तार करून ते सोडण्याची विनंती केली आणि हिंसेविषयी तुमचे मत काय, हेही विचारले. ज्यांचा पूर्वी दहशतवादावर विश्वास होता त्यांचा तो आता उरलेला नाही, असे उत्तर बंद्यांनी पाठवले. (त्या काळची आपली वर्तमानपत्रे अहिंसक चळवळीला 'अनत्याचारी' म्हणत, 'अत्याचारी' हा शब्द मग आपोआपच या मुलांच्या वाट्याला आला.)

वादाचे मर्म येथे आहे. आधी पश्चात्ताप लिहून द्या, मग सुटका, ही सरकारी वृत्ती. लिहून देण्यात अनेकांना मानहानी वाटे. तुरुंगाच्या दारात घेतलेल्या वचनाला किंमत ती काय, असा त्यांचा प्रश्न होता. गांधीजींची वाट या दोहोंमधून जात होती. त्यांना आश्वासन हवे होते, पण ते जामिनाचा कागद म्हणून नव्हे, माणसाने माणसाला दिलेला शब्द म्हणून. त्यासाठी प्रकृती ठीक नसतानाही ते १९३७ आणि १९३८ मध्ये कलकत्त्यास गेले, तुरुंगांत जाऊन मुलांशी बोलले. बंगालमध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ नव्हते. फजलुल हक यांच्या सरकारशी सगळी घासाघीस करावी लागली. सुमारे अकराशे स्थानबद्ध नोव्हेंबर १९३७ मध्ये मोकळे झाले. शिक्षा झालेल्यांचे मात्र एकेक प्रकरण तपासले जाऊ लागले, आणि ते काम रेंगाळले.

दुसरीकडे संयुक्त प्रांतात काकोरी कटातील बंदी ऑगस्ट १९३७ मध्ये सुटले, तेव्हा हारतुरे आणि जयजयकार यांचा पूर आला. ही मिरवणूक राजकीय चूक आहे, असे गांधीजींनी स्पष्ट लिहिले. आमच्या मते त्यांचे बरोबर होते. हार घालणाऱ्याला घरी जाऊन जेवावयाचे असते. मागे तुरुंगात राहिलेल्यांच्या सुटकेला त्या हारांची फुले आड आली. फेब्रुवारी १९३८ मध्ये संयुक्त प्रांत व बिहारच्या मंत्रिमंडळांना याच प्रश्नावर राजीनामे द्यावे लागले, तेव्हा कोठे गव्हर्नर नमले.

पुणेकरांना यातले काही नवे नाही. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडणारे वासुदेव बळवंत गोगटे तेथलेच विद्यार्थी. सोलापूरच्या मार्शल लॉचा राग त्यांच्या मनात होता. आठ वर्षांची शिक्षा पुरी होण्याआधीच ते सुटले, वकील झाले आणि पुढे या शहराचे महापौरही झाले. 'हॉटसन गोगटे' हे नाव मात्र त्यांना जन्मभर चिकटले.

शांती आणि सुनीती १९३९ मध्ये सुटल्या, सात वर्षांनंतर. शांती घोष पुढे पश्चिम बंगालच्या विधिमंडळात गेल्या. सुनीतीने अर्धवट राहिलेले शिक्षण पहिल्यापासून धरले आणि ती डॉक्टर झाली. वयाच्या चौदाव्या वर्षी जिने एक जीव घेतला होता, तिने उरलेले आयुष्य रोग्यांच्या उशाशी काढले.