यमुनेचा उतार

दिल्लीचा इतिहास लिहिताना तख्ते, तह आणि तलवारी यांचीच गणना प्रामुख्याने होते. त्या शहराकडे जाणारी वाट वर्षातून किती महिने खुली असते, ती बंद झाली म्हणजे कोणाची कोंडी होते आणि ती पुन्हा खुली झाल्याची वार्ता कोणास आधी लागते, हे प्रश्न सामान्यतः गाडीवान, नावाडी आणि वाटाडे यांच्यावर सोपवून इतिहासकार पुढे जातो. परंतु मराठ्यांच्या इतिहासात एक वर्ष असे येऊन गेले की, त्या वर्षी हेच प्रश्न तख्ताच्या प्रश्नाहून मोठे ठरले. ते वर्ष १७६० चे होय.

मराठी फौजांचे एक पंचांग होते, आणि ते पावसाने घालून दिलेले होते. मृगाच्या सरी कोसळू लागल्या, नद्यांना पूर आले की स्वारी थांबावयाची व छावणी पडावयाची. दसऱ्याच्या सुमारास नद्यांचे पाणी ओसरे, घाटवाटा सुकत, घोड्यास चारा मिळे आणि शेतीची कामे उरकून माणूस मोकळा होई. म्हणून विजयादशमीचे सीमोल्लंघन हा केवळ धार्मिक विधी नव्हता. वाटा पुन्हा चालू झाल्याची ती जाहीर ग्वाही होती. दख्खनच्या नद्यांनी शिकविलेले हे वेळापत्रक घेऊनच मराठे उत्तरेत गेले, आणि बहुतेक वेळा ते त्यांच्या उपयोगीही पडले.

१७६० च्या मार्च महिन्यात सदाशिवरावभाऊ परतूरहून निघाले. बरोबर तोफखाना होता, बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, स्त्रिया व मुले होती. अशा लवाजम्याचा वेग घोडेस्वार ठरवीत नाही, तो गाडीचा बैल ठरवितो. चंबळेच्या पलीकडे पोचेपर्यंत पावसाने गाठले. गंभीर नदीच्या पुराने वाट अडविली, आणि जुलैत आग्र्याच्या परिसरात पोचल्यावर पाहतात तो यमुना दुथडी भरून चाललेली. भाऊंचा मूळ बेत यमुना ओलांडून अंतर्वेदीत उतरावे, अहमदशहा अब्दालीला तेथेच गाठावे आणि अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला त्याला मिळण्यास अवसर देऊ नये, असा होता. नावा जमवून इटाव्याजवळ पूल बांधावा म्हणून गोविंदपंत बुंदेले यांस सूचना जात होत्या. परंतु जेथे नावाच ठरेनात, तेथे नावांचा पूल कोठून व्हावा? बेत पाण्यात राहिला; शुजा शत्रूस मिळाला.

तेव्हा फौजेने यमुनेचा उजवा काठ धरून दिल्लीची वाट धरली. २२ जुलै रोजी शहर हाती आले आणि ऑगस्टच्या आरंभी किल्लाही आला. लाल किल्ल्याच्या तटाखालून त्या काळी यमुना वाहत असे. तटावर उभे राहिले की, पलीकडे शाहदऱ्याच्या बाजूस पुढे शत्रूचे तळ पडले, आणि मध्ये गढूळ पाण्याचा रुंद पट्टा. दोन मोठ्या फौजा एकमेकींच्या दृष्टीच्या टप्प्यात आहेत, पण हाताच्या टप्प्यात नाहीत, अशी ती चमत्कारिक स्थिती होती. पुराने मराठ्यांचे आक्रमण थांबविले होते हे खरे, पण त्याच पुराने त्यांस तटबंदीचेही काम दिले होते.

या तटबंदीची किंमत मात्र रोज मोजावी लागत होती. अंतर्वेद म्हणजे उत्तरेचे कोठार. ते पाण्यापलीकडे राहिले. चिखलाने वाटा बुडाल्या, पैका येईना, माणसांस दाणा आणि जनावरांस चारा महाग झाला. दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून त्याचे रुपये पाडण्यापर्यंत मजल गेली, ती याच टंचाईपायी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या पहिल्या खंडात त्या काळची पत्रे आहेत. ती वाचताना राजकारणाच्या जोडीने पैका, रसद व वाट यांचीच चिंता सतत डोके वर काढताना दिसते.

पावसाळा सरत आला तसे भाऊ दिल्लीहून उत्तरेस निघाले. १७ ऑक्टोबर रोजी त्यांनी कुंजपुरा जिंकला. तेथील धान्याचा साठा हाती लागताच उपाशी फौजेच्या जिवात जीव आला. त्यानंतर दोनच दिवसांनी दसरा होता. विजय ताजा होता, पोटात अन्न होते आणि सीमोल्लंघनाचा मुहूर्त होता. दख्खनच्या पंचांगाप्रमाणे आता वाटा खुल्या झाल्या होत्या.

त्या खरोखरच खुल्या झाल्या होत्या, पण दोघांनाही. नदीचे पाणी ओसरले म्हणजे ते एकाच काठापुरते ओसरत नाही, एवढी साधी गोष्ट त्या विजयाच्या आठवड्यात नजरेआड झाली. काठावरचा पहारा तोकडा होता. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेस बागपतजवळ उतार शोधून काढला. पाणी अजून पुरते उतरलेले नव्हते; त्याची काही माणसे व जनावरे प्रवाहात गेली. तरीही तो उतरला, आणि उतरताच तो मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. कुरुक्षेत्राकडे वळलेली मराठी फौज माघारी फिरली आणि तिने पानिपतास मोर्चे बांधले. तीन महिने ज्या पाण्याने पाठ राखली, त्या पाण्याची मुदत संपली होती.

आता दुसरा ऋतू पुढे आला. यमुनेच्या खोऱ्यातील हिवाळा हा दख्खनच्या माणसास परका. पौष-माघात तेथे रात्रीचा पारा दहा अंशांच्या पुष्कळ खाली जातो, आणि पातळ वस्त्रांनिशी उघड्या मैदानात राहणाऱ्यास ती थंडी शस्त्राइतकीच जाचते. वैरणीसाठी व सरपणासाठी मोर्चाबाहेर जाणारी माणसे कापली जाऊ लागली. रसद तोडण्यास व पोचविण्यास धडपडणारे वृद्ध गोविंदपंत डिसेंबरात गाझियाबादजवळ जलालाबाद येथे मारले गेले. त्यानंतर अंतर्वेदीतून येणारी आशा संपली. राहिली ती दिल्ली ते पानिपत ही सुमारे ९० किलोमीटरांची सडक.

या सडकेवर जानेवारीच्या आरंभी जे घडले ते मराठी मनाने विसरू नये असे आहे. दिल्लीस नारो शंकरांजवळ असलेल्या खजिन्यातून काही रक्कम घेऊन पाराशर दादाजींच्या हाताखालील स्वार पानिपतास निघाले. ओझे वाटून प्रत्येकाच्या अंगावर पैका बांधलेला होता. दिवसा शत्रूचे भय, म्हणून प्रवास रात्रीचा. अंधारात वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून ते अफगाणांच्या गोटात शिरले. तेथे त्यांनी आपल्या भाषेत हाका मारल्या. त्या मराठी हाकांनीच त्यांची ओळख पटली, आणि त्यांची कत्तल झाली. परमुलखात रात्री वाट चुकलेल्या माणसाला स्वतःची भाषादेखील घातक ठरावी, यापरते दैव ते कोणते!

वास्तविक ही सडक अनाथ नव्हती. जहांगीर बादशहाने १६१९ मध्ये आग्र्यापासून लाहोरपर्यंत दर कोसास एक मनोरा आणि दर तीन कोसांस एक विहीर बांधण्याचा हुकूम दिला होता. हे कोसमिनार पानिपत, सोनिपत व कर्नाल या भागांत आजही उभे दिसतात. एक तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. वाटसरूला दृष्टी कमी पडते तेथे राज्याने खूण उभी करावी, हा विचार त्यांच्यामागे होता. परंतु मनोरा दिवसा दिसतो. रात्री दिवा लागतो, आणि दिव्यापाशी माणूस लागतो. १७६१ च्या जानेवारीत त्या सडकेवर दोन्ही नव्हते. १४ जानेवारीस उपाशी फौज मोर्चाबाहेर पडली. पुढील कथा सर्वश्रुत आहे.

पराभवाचा सारा दोष पावसावर किंवा थंडीवर टाकणे अर्थातच अन्यायाचे होईल. तोफा, युती, शिस्त आणि नेतृत्व यांची कारणे आपापल्या जागी आहेत. त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या अभ्यासकांनी त्यांची कसून छाननी केली आहे. पण हवामानाच्या वागणुकीबद्दल एक गोष्ट या मोहिमेत स्पष्ट दिसते. पूर आला तो आषाढात, ओसरला तो आश्विनात, थंडी पडली ती पौषात. यांपैकी काहीच अवेळी घडले नाही. ऋतू फितूर झाला नाही. तो ठरल्या मुदतीने वागला.

पुढच्या काळात दिल्लीने यमुनेशी निराळ्या साधनांनी व्यवहार केला. नावांच्या पुलाच्या जागी १८६६ मध्ये लोखंडी रेल्वे पूल उभा राहिला. १९५९ मध्ये वजिराबादचा बंधारा झाला. जुन्या पुलापाशी पाण्याची पातळी मोजून २०५.३३ मीटर ही धोक्याची रेषा ठरविण्यात आली. किल्ल्याखालचा प्रवाह पूर्वेस सरकला होता. त्या मोकळ्या पात्रातून पुढे रिंग रोड गेला. नदी दूर गेली असे शहरास वाटू लागले.

सप्टेंबर १९७८ मध्ये ताजेवाल्याहून सुमारे ७ लाख क्युसेक पाणी सुटले, आणि दिल्लीत पातळी २०७.४९ मीटरांवर गेली. जुलै २०२३ मध्ये हथिनीकुंडाहून सुटलेल्या पाण्याचा उच्चांक त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ३.५९ लाख क्युसेक होता. तरी १३ जुलै रोजी पातळी २०८.६६ मीटरांवर पोचली. कमी पाणी अधिक उंच चढले, कारण पात्रात गाळ साठला होता, पूरमैदानावर बांधकामे झाली होती आणि आयटीओजवळच्या बंधाऱ्याचे काही दरवाजे गाळात रुतून बसले होते. रिंग रोडवर पाणी उभे राहिले. लाल किल्ल्याच्या तटाशी नदी पुन्हा येऊन भिडली. उत्तरेकडून येणाऱ्या बसगाड्या सिंघूच्या सीमेवर थांबविण्यात आल्या आणि अवजड वाहनांस शहराची दारे बंद झाली. सिंघूची ही सीमा त्याच पानिपतच्या सडकेवर आहे. हथिनीकुंडाचे पाणी दिल्लीस पोचण्यास दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे याही वेळी नदी सूचना देऊनच आली होती.

हिवाळ्याचीही तीच कथा. चार थेंब पाऊस पडून आकाश निवळते, वारा पडतो, ओल्या जमिनीतील ऊब रात्री निघून जाते आणि जमिनीलगतच्या हवेत सूक्ष्म जलकणांचा पांढरा पडदा तयार होतो. त्यात शहराचा धूर मिसळतो. या पडद्यातून मालमोटार हाकणाऱ्यास चार हातांवरचा दिवा दिसत नाही. रेल्वेने यावर पूर्वीपासून एक साधा उपाय योजला होता. सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके बांधावयाचे. चाकाखाली त्यांचा आवाज झाला की डोळ्यांस न दिसणारी खूण चालकाच्या कानास कळे. आता इंजिनात पुढील सिग्नलचे अंतर सांगणारी, उपग्रहाच्या आधाराने चालणारी यंत्रेही आली आहेत. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यात मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरांवर आणली जाते. कोसमिनारामागचा विचारच येथे नव्या रूपाने वावरताना दिसतो.

तरीही खूण उभारणे आणि ती वेळेवर मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालाची वेळ ठरविणारा पेढीवर बसलेला असतो; धुक्यात शिरणारा दुसराच असतो. १७६१ साली पैका अंगावर बांधून निघालेल्या स्वारांनी ती रात्र स्वतः निवडलेली नव्हती, आणि आज पहाटे चार वाजता पानिपतहून भाजी घेऊन दिल्लीच्या मंडीकडे निघालेला चालकही ती वेळ आपण होऊन निवडीत नाही. पूर आणि धुके कोणाची बाजू घेत नाहीत. त्यांची मुदत मात्र नावाडी, गाडीवान व मोटारचालक यांस नेमकी ठाऊक असते. ती त्यांजकडून विचारून घेणे, आणि विचारल्यावर त्यांस थांबण्याची मुभा देणे, एवढे कर्तव्य मात्र दरबाराचे, कचेरीचे व पेढीचे आहे.