वीज पायाळू शोधीत नाही

कॅलेंडरावरच्या चित्रात, नाटकाच्या पडद्यावर आणि शाळेतल्या पोरांच्या वहीत वीज अजूनही करवतीच्या दात्यांसारखी निघते. परदेशी चित्रकारही ती तशीच काढीत असत. फिलाडेल्फियाचा छायाचित्रकार विल्यम जेनिंग्ज याला मात्र ते पटेना. २ सप्टेंबर १८८२ रोजी त्याने काचेच्या पट्टीवर वीज टिपली. पाहतो तो करवत कोठेच नाही. वडाच्या पारंब्यांसारखे फाटे मात्र चोहीकडे लोंबत होते! त्याच्याही आधी, १८४७ साली, सेंट लुईस येथे थॉमस ईस्टर्लीने धातूच्या पत्र्यावर विजेची प्रतिमा घेतली होती.

वीज दिसते कशी, याचा उलगडा असा झाला. ती पडते कोणावर, याचे उत्तर आपल्याकडे आधीच ठरलेले आहे : पायाळू माणसावर! ढग गरजू लागले की पायाळू पोराला घरात कोंडायचे आणि बाकीच्यांनी अर्जुनाची नावे घेत खुशाल झाडाखाली उभे राहायचे, ही रीत माझ्या आजीचीही होती.

गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी विजेचे फोटो घ्यायला निघाला, आणि मलाही त्याने मोटारीत घातले. अमरावती सोडली, बडनेरा मागे टाकले. दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळून पेरणीची वाट पाहत पडली होती. तापलेली भुई, दमट हवा आणि ती उंच चढली की गोठणारे तिच्यातले पाणी, एवढ्या भांडवलावर वळवाचा ढग उभा राहतो. त्याच्या पोटात गारा आणि हिमकण एकमेकांवर आदळतात, त्यांचे विद्युत्‌भार वेगळे होतात आणि वीज साठते. दुपारी तीनच्या सुमारास सातपुड्याच्या अंगाला असाच एक ढग फुलकोबीसारखा फुगू लागला.

मूर्तिजापूरच्या पुढे पावसाने गाठले. रस्त्याकडेच्या बाभळीखाली एक म्हातारा, दोन नातवंडे आणि पाच-सहा शेळ्या उभ्या होत्या. आम्ही मोटार थांबवून त्यांना आत बोलावले.

"काहाले बाप्पा?" म्हातारा हसून म्हणाला, "आमच्यात कोनी पायाळू नाई!"

लख्ख उजेड पडला. माझा विद्यार्थी मोठ्याने आकडे मोजू लागला. नवावर गडगडाट झाला. तीन सेकंदांना एक किलोमीटर, म्हणजे वीज तीन किलोमीटरांवर होती. "आजोबा, पोरांना तरी येऊ द्या," मी म्हणालो. तेव्हा कोठे तिघेही आत आले. बंद मोटारीवर वीज पडलीच, तर ती पत्र्याच्या बाहेरून जमिनीत जाते. त्या बाभळीवर वीज पडली नाही. पडली असती, तर तिने कोणाचा जन्म कसा झाला, हे विचारले नसते.

हे मी कशाच्या जोरावर म्हणतो? पुन्हा कॅमेऱ्याच्याच! चार्ल्स बॉईज या इंग्रज शास्त्रज्ञाने फिरत्या भिंगांचा कॅमेरा योजला होता. तो घेऊन १९३० नंतरच्या दशकात बेझिल शॉनलँड याने दक्षिण आफ्रिकेत विजेचा माग काढला. ढगातून आधी एक अंधूक वाटाड्या उतरतो, सुमारे पन्नास-पन्नास मीटरचे टप्पे घेत, चाचपडत. जमीन अगदी जवळ आली म्हणजे झाड, मनोरा किंवा मोकळ्या शेतातला माणूस, जे उंच असेल तेथून ठिणगी वर झेपावते. दोघांची गाठ पडली, की त्या वाटेने तो डोळे दिपवणारा लोळ धावतो.

अंधार पडल्यावर अकोल्याच्या अलीकडे आम्हांला फोटो मिळाला. वादळ दूर पूर्वेला सरकले होते. मोटारीतूनच पंधरा सेकंद पडदा उघडा ठेवून तो घेतला. त्यात सहा फाटे अधांतरी लोंबताना दिसतात. एकच भुईला पोचला आहे.

आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांत शेतात राबणारी फार. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप मोबाईलवर जवळपासच्या विजेची सूचना देते. ज्याच्याजवळ ते नाही, त्याने आकडे मोजावेत. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर झाड सोडावे आणि पक्के घर गाठावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पायाळूने आणि बिनपायाळूनेही!